सेवेतून येतो अधिकार



पॅसिफिक महासागरातला सामोआ हा बेटांचा देश १९६२ साली स्वतंत्र झाला. तिथं मोठ्या कुटुंबाला ‘आइगा’ आणि त्याच्या प्रमुखाला ‘मताई’ म्हणतात. बहुतेक जमीन कुटुंबांच्या सामाईक मालकीची; तिचा कारभार मताईकडे. म्हणून कारभारी ऐकणारा हवा, नाहीतर फटका साऱ्या घराला!

हे पद नुसतं बापाकडून मुलाकडे जात नाही. कुटुंब एकत्र बसतं, बोलतं अन् माणूस निवडतं. आधी त्यानं घरासाठी किती कष्ट उपसले, ते पाहिलं जातं. ‘अधिकाराची वाट सेवेतून जाते’ अशी तिकडची म्हणच आहे.

गावसभेला ‘फोनो’ म्हणतात. प्रत्येकाची जागा मानाप्रमाणे ठरलेली. मोठ्या मताईचा शब्द पुष्कळदा ‘तुलाफाले’ हा वक्ता मांडतो. हात मोजून निकाल लावण्यापेक्षा एकमत होईतो बोलण्यावर भर असतो.

उणीवही आहे. संसदेच्या बहुतेक जागांसाठी मतदानाचा हक्क १९९० पर्यंत फक्त मताईंनाच होता; त्या वर्षी तो सर्व प्रौढांना मिळाला.

आम्हांस वाटते, घ्यायचे ते एवढेच : पुढाऱ्याने आधी राबावे, मग ऐकावे, शेवटी बोलावे. आणि सभासदाने सभेत गप्प बसू नये.