ऐंशी झाले, काढा आता

सकाळी सहा. चिपळूणजवळ मुंबई-गोवा महामार्गावर एका हॉटेलच्या आवारात दोन गनचा, साठ किलोवॉटचा चार्जर आहे. तो सांभाळणारा पोरगा आधी केबल पुसतो, मग यंत्र ऑनलाइन आहे का ते बघतो. यंत्राच्या पोटात सिमकार्ड असतं. रेंज गेली की वीज असूनही गन सुरू होत नाही.

साडेआठ. पहाटे मुंबई सोडलेल्या हिरव्या पाटीच्या गाड्या येऊ लागतात. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लहान बॅटरीचा जीव कंठाशी येतो तो नेमका इथेच. परशुराम घाट चढताना टक्के भराभर घसरतात, उतरताना एखाददुसरा परत येतो. तो परत आलेला एक टक्का लोक फार कौतुकाने दाखवतात.

दहा. दोन्ही गन लागल्या, मागे तिसरी गाडी उभी. साठाचे आता तीस-तीस झालेत आणि वाद सुरू. "बोर्डावर साठ लिहिलंय ना?" लिहिलंय खरं, पण सुरुवातीच्या नेक्सॉनसारखी 30.2 युनिटची बॅटरी एकटी असली तरी निम्म्याच्या आसपासच घेते. किती ओढायचं ते गाडी ठरवते; शिव्या मात्र चार्जरला. पोरग्याचं खरं काम इथे सुरू होतं.

"दादा, ऐंशी झाले, काढा आता."

"होऊ दे की शंभर. मिसळ यायचीय अजून."

ऐंशीनंतर बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करते. वरचे वीस टक्के भरायला बरेचदा खालच्या साठाइतका वेळ जातो. हे तो रोज समजावतो. पटतं ते फक्त रांगेत मागे असलेल्याला. माझ्या मते अशा जागी दर युनिटवर नको, ऐंशीनंतर मिनिटावर हवा.

मध्येच कुणाचं तरी पोर लाल बटण दाबतं. दोन्ही गाड्या बंद. बटण फिरवून वर घ्यायचं, आणि ओटीपीचा खेळ पुन्हा पहिल्यापासून. ओटीपी येतच नाही तेव्हा पोरगा स्वतःचं कार्ड टेकवतो आणि पैसे रोख घेतो.

दीड. लाइट गेली. हॉटेलचा जनरेटर फ्रिज आणि पंख्यांपुरता. एवढा भार त्याच्याने उचलवत नाही. जेवण लांबवायचं, दुसरं काय!

चार. गावातला एक स्कूटरवाला येतो, गनकडे बघतो, भटारखान्यामागच्या साध्या प्लगपाशी जातो. त्याच्या स्कूटरला ही गन बसत नाही. गावातल्या गाडीवाल्यांनाही तिची फारशी गरज नाही, कारण घरच्या मीटरवर रात्री स्वस्तात भरतं. हा चार्जर वाटसरूंचा. गावाला हवेत ते बाजारपेठेत, एसटी स्टँडाजवळ चार-दोन पंधरा अँपिअरचे प्लग, पण त्याची फीत कोण कापणार?

सात. परतीची गर्दी, गणपतीत ती दुपारपासूनच असते.

रात्री दहा. दोन्ही गनवर गाड्या, आणि चार टक्क्यांवर आलेलं एक कुटुंब. पुढे जायची हिंमत नाही, मुलं झोपलेली. खोली मिळते. खोलीमागच्या पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडीसोबतची केबल लागते. सव्वातीन किलोवॉटने सकाळी सातपर्यंत तीसेक युनिट जातील. त्याचे पैसे किती लावायचे, यावर मालकाचं आणि पोरग्याचं गल्ल्यापाशी अजून चाललंय.