माडावरून सुटलेला नारळ

माडाखाली उभे राहू नये, असे वडीलधारी मंडळी मुलांना बजावीत असतात. ही भीती किती खरी, हे गणिताने पाहता येते. माड ६४ फूट उंच आहे असे धरू. तेथून सुटलेला नारळ जमिनीवर किती वेगाने आदळेल? श्रोत्यांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. हिशेब दोन ओळींचाच आहे.

पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सारखाच वाढत जातो. ही वाढ फुटांत मोजल्यास सुमारे ३२, मीटरमध्ये मोजल्यास सुमारे ९.८ भरते. हिलाच गुरुत्वीय त्वरण म्हणतात. उंचीला या त्वरणाने गुणावे, गुणाकाराची दुप्पट करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. येथे दुप्पट ४०९६ येते व तिचे वर्गमूळ ६४. म्हणजे वेग सेकंदाला ६४ फूट. नारळाच्या वजनाचा या हिशेबात कोठेही संबंध येत नाही, याचे पुष्कळांना नवल वाटते.

आता घोटाळा कोठे होतो ते पाहावे. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी सुतार, गवंडी आणि पाडेली यांच्या तोंडी आजही फूटच असतो. पुस्तकात मात्र ९.८ छापलेले असते. विद्यार्थी ऐकलेले ६४ आणि वाचलेले ९.८ एकत्र गुणतो, दुप्पट करतो, वर्गमूळ ३५.४ येते. कागद काही तक्रार करीत नाही. पण हे ३५.४ कशाचे? फुटांचे नव्हेत, मीटरचेही नव्हेत. ते मीटर समजले तर नारळाचा वेग ताशी १२७ किलोमीटर होतो! प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहिले असते, तर फूट आणि मीटर यांचा गुणाकार तेथेच डोळ्यांना खुपला असता. ६४ फुटांचे आधी १९.५ मीटर करावेत. मग उत्तर सेकंदाला सुमारे १९.५ मीटर येते, आणि तेच सेकंदाला ६४ फूट होय. सेकंदाच्या मीटरला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात: सुमारे ७०. न सोललेला नारळ महामार्गावरील बसच्या वेगाने डोक्यावर येतो, असा याचा अर्थ.

अशी चूक केवळ शाळकरी मुलेच करतात असे नाही. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान गमावले गेले, ते एका गणनेत पौंडाची आणि दुसरीत न्यूटनची मापे धरल्यामुळे.

या सूत्रात हवेचा अडथळा धरलेला नाही. जड नारळाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. पावसाच्या थेंबाची गोष्ट निराळी. एक किलोमीटर उंचीवरील ढगातून येणाऱ्या थेंबाचा वेग सूत्राप्रमाणे सेकंदाला १४० मीटर व्हावा. प्रत्यक्षात मोठ्यात मोठा थेंबही सुमारे ९ मीटर वेगानेच खाली येतो, कारण हवा त्याला वाटेतच आवरते.