परसबागेतील चवदार वाण

घराच्या परसात कुटुंबापुरती भाजी, फळे व सुगंधी वनस्पती लावताना उत्पन्नापेक्षा चव आणि बी धरण्याची सोय यांना महत्त्व देतात. बाजारासाठीचे टोमॅटो टिकाऊ, जाड सालीचे असून बहुधा पुरते पिकण्यापूर्वीच तोडतात. परसात ते झाडावर पिकू देता येतात. टोमॅटोत मुख्यतः स्वपरागण होत असल्याने पुसा रूबीसारख्या सरळ वाणाचे बी मूळ गुणांचे निपजते. संकरित वाणाचे तसे निपजत नाही. त्यामुळे घरोघरी बी धरणे थांबले, की जुना वाण नाहीसा होतो. निरोगी झाडाच्या पक्व फळांतील बी आंबवून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवतात.

हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १९९९) काळी जमीन ओल धरून ठेवते; म्हणून रोपे वरंब्यावर लावावीत. सु. ३५° से.पेक्षा अधिक तापमानात टोमॅटोची फुले गळतात. त्यामुळे येथे ऑक्टोबरातील लागवड सोयीची ठरते. थंड हवा मानवणाऱ्या स्ट्रॉबेरीपेक्षा करवंद येथे योग्य. काटेरी असल्याने ते कुंपणासही उपयोगी पडते. कोथिंबीर व मेथी हिवाळ्यात चांगली येतात. पुदिना ओलसर जागी, तर वसमत परिसरात प्रसिद्ध असलेली हळद विरळ सावलीतही लावता येते.