पाणी बदललं आणि मासे गेले
घरचं मत्स्यालय : लेखांक ९ (सिक्लिड मासे आणि त्यांचं आरोग्य)

रविवारी टाकी रिकामी करून घासली, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला, पाणी नवंकोरं भरलं आणि सोमवारी सकाळी दोन मासे तळाला पडलेले दिसले. मासे पाळणाऱ्या घरांतून ही तक्रार सर्रास ऐकू येते. तक्रार करणारी माणसं बेफिकीर नसतात. उलट त्यांनी सुट्टीचा अर्धा दिवस त्या टाकीपायी घालवलेला असतो. त्यामुळे ‘आमचं चुकलं कुठे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं नीट उत्तर त्यांना मिळायला हवं. सिक्लिड माशांच्या बाबतीत ते जास्तच गरजेचं आहे, कारण या माशांना असली सफाई सर्वांत महागात पडते.

सिक्लिड हे कुळ मोठं आहे. शास्त्रज्ञांनी वर्णन केलेल्या जातीच सतराशेच्या घरात जातात. आपल्या दुकानांतले एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, ‘आफ्रिकन’ म्हणून मिळणारे निळे-पिवळे मासे ही सगळी एकाच कुळातली मंडळी. गोव्यात आणि तळकोकणात खाडीतून ताटात येणारं कालुंदर सिक्लिडच, आणि उजनीच्या काठी मिळणारी चिलापीही सिक्लिडच. कुळ एक असलं तरी गरजा एक नाहीत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या डिस्कसला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २८ ते ३० अंश सेल्सिअस इतकं उबदार पाणी लागतं. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले मासे ९ च्या आसपासच्या पीएचमध्ये वाढलेले असतात. दिसायला छान म्हणून हे दोघं एका टाकीत सोडले, तर दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले. म्हणून दुकानात जाण्याआधी कोणत्या पाण्याचा मासा आणायचा ते ठरवा आणि मग रंगाकडे बघा. या लेखांकात मी मुख्यतः मलावी सरोवराच्या माशांबद्दल लिहितो आहे, कारण पाण्याचं गणित त्यांच्या निमित्ताने सर्वांत स्पष्ट कळतं.

मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि सातशे मीटर खोल आहे. त्याच्या खडकाळ काठाशी, जिथे ऊन तळापर्यंत पोचतं, तिथे ‘म्बुना’ नावाचे बोटभर-वीतभर लांबीचे सिक्लिड राहतात. पाण्याचा पीएच साधारण ७.८ ते ८.६ आणि तापमान पंचविशीच्या आसपास. एवढ्या प्रचंड पाण्यात आज आणि उद्या यांत फरक जवळपास पडतच नाही. या माशांचं शरीर त्या स्थिरतेवर घडलं आहे. आपण त्यांना आणतो ते २ × १ × १ फुटाच्या टाकीत, म्हणजे जेमतेम ५६ लिटर पाण्यात. तिथे एक मूठ जास्तीचं खाणंसुद्धा रात्रीतून पाणी बदलून टाकतं.

आता त्या सोमवारच्या सकाळकडे वळू. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरच्या स्पंजावर, खडीवर, दगडांवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळून आणि खडी उकळत्या पाण्याने धुऊन आपण ती एका दुपारीत संपवतो. मासे तेवढेच, खाणं तेवढंच, पण घाण पचवणारं कुणी उरत नाही. टाकी चकचकीत दिसत असते, आणि त्याच वेळी तिच्यातला अमोनिया तासातासाने वाढत असतो.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक रूप विषारी, दुसरं म्हणजे अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही. दोन्हींचं प्रमाण पीएचवर ठरतं. २८ अंश तापमानाला पीएच ६.५ असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग शेकडा पावसुद्धा नसतो. पीएच ८.२ झाला की तोच भाग शेकडा दहाच्या आसपास जातो, म्हणजे चाळीस पटींहून अधिक. आणि मलावीच्या माशांना तर हाच ८ च्या वरचा पीएच हवा असतो. एंजलच्या टाकीत खपून जाणारा निष्काळजीपणा इथे खपत नाही, त्याचं कारण हे आहे.

जे जीवाणू अमोनिया पचवतात ते त्या कामात पाण्यातला कार्बोनेटचा साठाही खर्च करतात. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत हा साठा संपतो आणि पीएच हळूहळू ६.५ किंवा त्याहूनही खाली घसरतो. आम्ल पाण्यात जीवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साचत जातो, पण अमोनियमच्या रूपात असल्यामुळे मासे तग धरून राहतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं. अशा टाकीत एके दिवशी ८ पीएचचं ताजं पाणी भरभरून ओतलं, की साचलेल्या अमोनियमचा एक भाग काही मिनिटांत विषारी रूपात जातो. मासे वर येऊन धापा टाकू लागतात आणि घरचे म्हणतात, नळाचं पाणी बाधलं. दोष पाणी बदलण्यात नसतो. तो आधीच्या कित्येक महिन्यांच्या न बदलण्यात असतो.

म्हणून नेम असा ठेवा: दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलायचं, एकदम सगळं कधीही नाही. स्पंज आणि कॉटन धुवायचं ते टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, तेही दोनतीनदा हलकेच पिळून. त्यावर तपकिरी छटा राहिली पाहिजे. नव्या पाण्यातला क्लोरीन हायपोने किंवा अँटीक्लोरिनच्या थेंबांनी आधी मारायचा आणि पाण्याचं तापमान टाकीशी जुळवून घ्यायचं. खूप दिवस दुर्लक्ष झालेली टाकी हाती आली, तर रोज दहा टक्के पाणी बदलत आठवडाभरात हळूहळू वर आणायची. घाई करायची नाही.

औषधांच्या बाटल्यांआधी अमोनिया आणि पीएच मोजण्याचं किट घ्या. छोट्या नळीत खुणेपर्यंत, बहुधा ५ मिलिलिटर, टाकीचं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब मोजून टाकायचे, नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळी पांढऱ्या कागदासमोर धरून उजेडात रंग बघायचा. थेंबांच्या नेहमीच्या अमोनिया किटमध्ये लिंबासारखा पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही. हिरवी झाक आली की त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदलायचं आणि खाणं बंद ठेवायचं. जुन्या, घसरलेल्या टाकीत मात्र आधी पीएच बघा. तो ७ च्या खाली असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे दहा टक्क्यांनीच पुढे जा.

आपल्याकडच्या पाण्याबद्दल दोन शब्द. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणा-तलावांतून येणारं पाणी पावसाचं, मऊ असतं. मलावीच्या माशांना ते तसंच दिलं तर पीएच टिकत नाही. पठारावरच्या बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं आणि या माशांना ते मानवतंही. मऊ पाण्यासाठी सोपा उपाय म्हणजे शिंपल्यांचा चुरा. कोंबडीखाद्याच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. स्वच्छ धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला की तो हळूहळू विरघळत राहतो. प्रवाळाचे तुकडे मात्र विकत घेऊ नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. लगेच फरक हवा असेल तर खायचा सोडा चालतो: ५० लिटर पाण्याला ६ ग्रॅम सोडा कार्बोनेट जडपणा सुमारे ४ अंशांनी वाढवतो. तो बदलायच्या पाण्यात विरघळवून घालायचा, थेट माशांच्या अंगावर नाही. सजावटीला आपला सह्याद्रीचा काळा दगड उत्तम. तो पाण्यात काही सोडत नाही, आणि त्याच्या कपारी म्बुनांना अगदी घरच्यासारख्या वाटतात.

खाण्याकडे येतो, कारण पाण्याखालोखाल मलावीचे मासे मरतात ते खाण्याने. बरेचसे म्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून जगतात. त्यांचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब असतं आणि दिवसभर थोडं थोडं, तंतुमय खाणं पचवण्यासाठी ते बनलेलं असतं. अशा माशाला चिकनचे तुकडे, काळीज किंवा ट्युबिफेक्स किडे भरवले की तो पोटाने बिघडतो. जिवंत ट्युबिफेक्स सांडपाण्यातून गोळा केलेले असण्याची शक्यता असते, त्यांच्याबरोबर रोगजंतूही टाकीत येतात. या माशांना स्पिरुलिना असलेलं खाद्य द्या. अधूनमधून उकडलेला मटार सोलून किंवा वाफवलेलं पालकाचं पान द्या. दिवसातून दोनदा, मिनिटा-दीड मिनिटात संपेल इतकंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. घरात लहान मुलं असतील तर डबा त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. माशाला दोन दाणे जास्त घालण्यात त्यांचं प्रेमच असतं, पण मासा त्यानेच जातो.

‘मलावी ब्लोट’ नावाचा जो पोट फुगण्याचा आजार आहे, त्याची सुरुवात डोळे उघडे ठेवले तर दिसते. एरवी काचेपाशी झेपावणारा मासा खाणं तोंडात घेतो, दोनदा चघळल्यासारखं करतो आणि थुंकून टाकतो. मग तो हीटरच्या मागे किंवा कोपऱ्यात, पृष्ठभागाजवळ एकटा थांबतो. श्वास जलद होतो. मागे दोऱ्यासारखी पांढरट विष्ठा लोंबते. पोट फुगलं की वाचवणं फार अवघड. कारणांबाबत एकमत नाही. आतड्यातले परजीवी, ताण, अयोग्य आहार, खराब पाणी यांची सरमिसळ असते असं दिसतं. पण थुंकण्याच्या टप्प्यावर मासा वेगळ्या टाकीत घेतला, पाणी सुधारलं आणि मेट्रोनिडाझोलचा उपचार माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने सुरू केला, तर मासा हाती लागतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की खाणं घालून निघून जाऊ नका. दोन मिनिटं समोर उभे राहा आणि कोण खात नाही ते बघा.

एक अपवाद मात्र ओळखायला शिका. मलावीच्या बहुतेक जातींत मादी अंडी तोंडात उबवते. जवळपास तीन आठवडे ती काही खात नाही, हनुवटी फुगलेली असते, आडोशाला राहते आणि अधूनमधून तोंड हलवून अंडी फिरवते. तिला आजारी समजून जाळीने पकडलं आणि औषधात टाकलं, की घाबरून ती सगळी पिल्लं बाहेर टाकते. फुगवटा हनुवटीखाली आहे की पोटाला, एवढं बघितलं तरी हा घोटाळा टळतो.

भांडणं हे या माशांच्या आजाराचं तिसरं दार आहे. हाकलून हाकलून दमवलेला मासा आधी खाणं सोडतो, मग त्याचे पर फाटतात, मग फाटल्या जागी बुरशी धरते. औषध बुरशीवर दिलं जातं आणि मारणारा मासा टाकीत तसाच राहतो. ४ × १.५ × १.५ फुटांच्या, म्हणजे सुमारे २५० लिटरच्या टाकीत एका जातीचा एक नर आणि तीन-चार माद्या असा हिशेब ठेवा. दगड भरपूर रचा आणि दगडांच्या दोन राशींत अंतर सोडा. ऑराटस नावाचा पिवळा-काळा पट्ट्यांचा मासा दुकानात लहानपणी फार देखणा दिसतो. नवशिक्याने तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा नर मोठा झाला की टाकीत दुसऱ्याला जगू देत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. पांढरे ठिपके पडण्याच्या आजारात औषध लागू पडतं ते परजीवी पाण्यात सुटा पोहत असतो तेव्हाच, म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार थांबवायचा नसतो. दुकानातलं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरचे जीवाणू मरतात. ते वेगळ्या टाकीतच वापरा. प्रतिजैविकाच्या कॅप्सूल फोडून अंदाजाने टाकणं तर पूर्ण बंद करा. दोन फुटी टाकी, एक स्पंज फिल्टर आणि एक हीटर एवढा वेगळा संच घरात असावा. नवा मासा आणला की तीन-चार आठवडे त्यातच ठेवावा.

उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमपर्यंत मावतो, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये झाकण काढून पाण्यावर पंखा सोडा आणि हवेचा पंप वाढवा. वीज जाते तिथे बॅटरीचा पंप ठेवा. बरेच तास बंद राहिलेला कॅनिस्टर फिल्टर आतलं पाणी टाकून, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून मगच सुरू करा.

शेवटी ऑस्करबद्दल. दोन इंचांचं पिल्लू म्हणून घेतलेला ऑस्कर चांगला वाढला तर फूटभर लांब होतो, आणि दोन फुटी टाकीत त्याला वळताही येत नाही. त्या टप्प्यावर अनेक घरांतून तो तलावात किंवा विहिरीत सोडला जातो. कृपा करून हे करू नका. मोझांबिक तिलापिया हा सिक्लिड १९५२ मध्ये भारतात आणला गेला तो अन्नासाठी. पुढे तो जलाशयाजलाशयांत पसरला आणि ठिकठिकाणी स्थानिक माशांना भारी पडला. सिक्लिड पिल्लांची राखण करतात, काहीही खातात आणि एकदा नैसर्गिक पाण्यात रुजले की परत काढता येत नाहीत. ज्या दुकानातून मासा घेतला तिथे तो परत नेऊन द्या, किंवा मोठी टाकी असलेला दुसरा हौशी माणूस शोधा. आणि मोठी टाकी ठेवायला जागा नसेल, तर ऑस्करचं पिल्लू मुळातच घरी आणू नका.