पोटातले जिवाणू, मनाचा तोल

द्विध्रुवी विकारात मन कधी उन्मादात, तर कधी खोल नैराश्यात जाते. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उन्मादामुळे रुग्णालयात दाखल होऊन घरी परतलेल्या ६६ जणांना नेहमीच्या औषधांसोबत २४ आठवडे प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंची गोळी, किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. निष्क्रिय गोळीच्या गटात २४ वेळा पुन्हा दाखल करावे लागले, प्रोबायोटिक गटात ८ वेळाच. शरीरातला दाह कमी होणे हे यामागचे संभाव्य कारण.

चाचणी मात्र लहान होती. नंदुरबारच्या घरोघरी होणाऱ्या ताकातले जिवाणू तेच असतील असेही नाही. ताक जरूर प्या. पण या विकारावरचे लिथियम हे औषध स्वतःहून बंद करू नका. ते घेताना काळजीही घ्या: इथल्या कडक उन्हात अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. शंका आल्यास १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.