वाकलेला टाय रॉड सरळ करून का चालत नाही?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. मंठ्याकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक वाट जिंतूरला जाते, दुसरी सेलूला. फाट्यावर वळणारी जीप किंवा ट्रॅक्टर पाहून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: वळताना पुढची दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळतात का?

बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. आकृती काढली की उत्तर बदलते. वळणारी गाडी एका केंद्राभोवती फिरत असते आणि हे केंद्र मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवर असते. चाक न घासता फिरायचे, तर प्रत्येक चाकाची दिशा केंद्रापासून त्या चाकापर्यंत काढलेल्या त्रिज्येला लंब हवी. समजा, पुढच्या व मागच्या आसांतले अंतर २ मीटर आहे, पुढची चाके ज्या उभ्या खिळींभोवती (किंगपिनभोवती) वळतात त्यांच्यातले अंतर १.२ मीटर आहे आणि केंद्र आतल्या बाजूच्या किंगपिनच्या रेषेपासून ५ मीटर दूर आहे. आतल्या चाकाच्या कोनाची स्पर्शज्या २/५, म्हणून कोन सुमारे २१.८ अंश. बाहेरच्या चाकाची २/६.२, म्हणून कोन सुमारे १७.९ अंश. जवळजवळ चार अंशांचा फरक पडला!

बैलगाडीला ही अडचण नाही. तिला दोनच चाके, तीही एकाच आसावर पण एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारी. दिशा बैल देतात. चार चाकांच्या घोडागाड्यांना मात्र ही अडचण होती. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने १८१७ मध्ये तिच्यावर उपाय काढला. पुढच्या वर्षी त्याच्या वतीने रुडॉल्फ ॲकरमन यांनी इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले, म्हणून या रचनेला ॲकरमनचे नाव चिकटले.

रचना साधी आहे. प्रत्येक पुढच्या चाकाला किंगपिनपासून मागे जाणारा एक आखूड दांडा असतो. हे दोन दांडे किंचित आत कललेले असतात आणि त्यांची टोके एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात. हा आडवा दांडा म्हणजे टाय रॉड. पुढचा आस, दोन दांडे आणि टाय रॉड मिळून एक समलंब चौकोन तयार होतो. दांडे कललेले असल्यामुळे गाडी वळते तेव्हा आतले चाक जास्त वळते आणि बाहेरचे कमी. कोन अगदी तंतोतंत येत नाहीत, पण कामापुरते येतात. काही गाड्यांत टाय रॉड आसाच्या पुढेही असतो. तिथे दांड्यांचा कल उलटा ठेवतात.

स्टीअरिंगचे चाक फिरवले की स्टीअरिंग बॉक्सखालचा ड्रॉप आर्म हलतो. तो ड्रॅग लिंक या दुसऱ्या दांड्यामार्फत पुढच्या यंत्रणेला ढकलतो किंवा ओढतो. जुन्या पद्धतीच्या जीपगाड्या आणि अनेक ट्रॅक्टर यांत थोड्याफार फरकाने हीच मांडणी दिसते. त्यावरून बिघाडाची एक ओळख मिळते. ड्रॅग लिंक वाकली, तर गाडी सरळ जाताना स्टीअरिंगचे चाक तिरके राहते, पण पुढची दोन्ही चाके एकमेकांशी जुळलेली असतात. टाय रॉड वाकला, तर चाकांचे आपसातले नातेच बिघडते.

रस्ता सोडून शेतात शिरलेल्या गाडीचा टाय रॉड वाकण्याची संधी मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत भरपूर आहे. ही माती ओली असताना फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. तेव्हा पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात वाळून विटेसारख्या कडक होतात. चाकोरीतून जाताना मधला उंचवटा, दगड किंवा तुरीचा जाड खुंट रॉडला लागतो. दुसरे कारण म्हणजे चाक बांधावर आदळणे. बसलेल्या धक्क्याने चाक किंगपिनभोवती वळू पाहते आणि रॉडवर दोन्ही टोकांकडून दाब येतो. लांब, बारीक दांडा ताणाला चांगला टिकतो, पण दाबाखाली मधेच वाकतो. वर्गात झाडूचा हीर दोन बोटांत उभा दाबून पाहावा. सरळ हीर बराच दाब सोसतो; आधीच थोडा वाकवलेला हीर लगेच मान टाकतो. आयलर यांनी अठराव्या शतकात याचेच गणित मांडले.

रॉड किती वाकला म्हणजे बिघडला? एक मीटर लांबीचा रॉड बरोबर मध्यावर ४० मिलिमीटर बाहेर गेला असे धरू. त्याचे दोन काटकोन त्रिकोण होतात. कर्ण ५०० मिलिमीटर, एक बाजू ४०. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार दुसरी बाजू ४९८.४ येते. म्हणजे टोकांमधले अंतर १,००० ऐवजी ९९६.८ झाले, जेमतेम ३.२ मिलिमीटर कमी. “तेवढ्याने काय होते?” असे वाटेल. पण चाकाचा दांडा १५० मिलिमीटरचा असेल, तर दोन्ही चाके मिळून ३.२/१५० रेडियन, म्हणजे सुमारे १.२ अंशाने फिरतात. ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरांत त्यामुळे १५ मिलिमीटरचा फरक पडतो. अशा गाड्यांना हा फरक सहसा थोड्याच मिलिमीटरचा ठेवायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. रॉड आसाच्या मागे असेल, तर तो आखूड झाल्यावर चाके पुढून फाकतात. प्रत्येक चाक सुमारे ०.६ अंश तिरके धावते आणि दर किलोमीटरला जणू दहा-अकरा मीटर बाजूला घासत जाते. टायरवरून तळहात आडवा फिरवावा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर हाच दोष समजावा.

मग रॉड काढून, तापवून, घणाने सरळ केला तर? लांबी जवळपास पूर्ववत होईल. धातू होणार नाही. रॉड वाकला याचा अर्थ पोलादाने स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली. उलट वाकवताना ते पुन्हा तीच मर्यादा ओलांडते आणि आधीच ताणलेल्या जागी सूक्ष्म भेगा पडू शकतात. तार मागेपुढे वाकवून तोडताना हेच घडते. तापवल्याने पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते. वेल्डिंग केले, तर जोडालगतचा पट्टा ठिसूळ होण्याची भीती असते. शिवाय डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या रॉडमध्ये थोडा बाक राहतोच आणि पुढच्या धक्क्याला तो पहिल्यापेक्षा कमी दाबाखाली वाकतो.

तुटलेला रॉड म्हणजे आपापल्या दिशेने जाणारी दोन चाके. इंजिन बंद पडले, तर गाडी थांबते. टाय रॉड तुटला, तर थांबेपर्यंत ती कुठे जाईल हे चालकाच्या हातात उरत नाही, मागे कितीही माणसे बसलेली असोत. म्हणून शेतात अडकल्यावर रॉड न तापवता हळूहळू सरळ करून, रिकामी गाडी माणसाच्या चालीने जवळच्या गॅरेजपर्यंत नेणे एवढीच त्या दुरुस्तीची मर्यादा समजावी. रॉडला भेग दिसत असेल किंवा टोकाचा बॉल जॉइंट खिळखिळा झाला असेल, तर तेही करू नये.

नवा रॉड बसवण्यातही विज्ञान आहे. रॉडच्या टोकाच्या बॉल जॉइंटची खुंटी निमुळती असते आणि दांड्याच्या तशाच निमुळत्या भोकात पाचरीसारखी घट्ट बसते. नट काढला तरी ती सुटत नाही. आट्यांवर हातोडा मारला, तर आटे खराब होतात. जाणता मिस्त्री पुलर लावतो. नसल्यास भोकाच्या कडेला एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका देतो. भोक क्षणभर लंबगोल होते आणि खुंटी खाली पडते. बसवताना नट नेमून दिलेल्या जोराने आवळतात. नटाच्या खाचा खुंटीच्या भोकाशी जुळल्या नाहीत, तर तो थोडा आणखी आवळतात. सैल कधीच करत नाहीत. स्प्लिट पिन दर वेळी नवी घालतात, कारण जुनी एकदा वाकलेली असते.

अनेक रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्याला डावे. त्यामुळे मधली नळी फिरवली की दोन्ही टोके एकदम जवळ येतात किंवा दूर जातात. दर आट्याला १.५ मिलिमीटर धरले, तर एका फेऱ्यात लांबी ३ मिलिमीटरने बदलते. वरच्या हिशोबाने चाकांच्या अंतरांत १४ मिलिमीटरचा फरक पडला! म्हणून नळी पूर्ण फेऱ्याने नव्हे, चतकोर फेऱ्याने फिरवावी.

मोजणी मात्र विद्यार्थी करू शकतात. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. पुढच्या दोन्ही टायरांच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, आसाच्या उंचीवर खडूची खूण करावी आणि खुणांमधले अंतर मोजावे. मग खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत गाडी पुढे ढकलावी आणि पुन्हा मोजावे. खुणा त्याच ठेवल्यामुळे रिम किंवा टायर वेडेवाकडे असले, तरी चूक दोन्ही मापांत सारखी येते आणि वजाबाकीत निघून जाते. गाडी मागे ढकलू नये, कारण मग सांध्यांतली ढिलाई उलट बाजूला जाते. ढकलताना गाडीसमोर कोणी उभे राहू नये, मोजताना चाकांना ठोकळे लावावेत, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली विद्यार्थ्यांना जाऊ देऊ नये.

गॅरेजमधून टाकून दिलेला एखादा वाकडा टाय रॉड शाळेत आणावा. दोन टोकांना दोरा ताणून मध्यावरचा बाक पट्टीने मोजावा, लांबी किती घटली ते पायथागोरसने काढावे आणि चाके किती फाकली असतील त्याचा अंदाज करावा. दोन सूत्रे त्याला पुरतात. असा हिशोब एकदा स्वतः केलेला विद्यार्थी पुढे स्वतःची गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला, की “सरळ करून द्या, भागेल,” असे म्हणण्यापूर्वी नक्की विचार करील.