नेक्स्ट, नेक्स्ट, सर्टिफिकेट!

ऑफिसचं फायर सेफ्टी ट्रेनिंग आठवतंय? व्हिडिओ पळवला, नेक्स्ट-नेक्स्ट केलं, सर्टिफिकेट आलं. पण उद्या खरंच आग लागली, तर त्या लाल सिलेंडरची पिन आधी काढायची, हे सुचेल का?

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्केच आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के!

म्हणून कोर्स बनवताना व्हिडिओ छोटा ठेवा, लगेच प्रश्न विचारा, आठवड्याने पुन्हा विचारा. आणि तो सिलेंडर? एकदा प्रत्येकाच्या हातात द्याच.